पत्र्यावर ओरखडा मारायचं हत्यार घरीच बनवायलोय, धार टिकंना – मदत हवी आहे

२२ गेजचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा आहे, धान्याच्या कोठीचं झाकण करायचंय. कात्रीनं कापलं की कड वाकडी होते, ग्राइंडरनं जस्त जळतं आणि कडेला गंज धरतो, शिवाय आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही. म्हणून जुन्या हॅक्सॉ ब्लेडचं (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचं) टोक घासून पोपटाच्या चोचीसारखं केलं, मागं सायकलची ट्यूब गुंडाळली, आणि अँगलला धरून ओढायलोय.

अॅल्युमिनियमवर झकास चाललं, सात-आठ वेळा ओढून दोनदा मागंपुढं वाकवलं की पत्रा कडकन तुटला. जीआयवर मात्र चार ओढीत चोच बोथट, मग घसरतंय आन् पत्र्यावर भलतीकडंच रेघ. घासताना टोक निळं पडलं होतं, पाण्यात बुडवायचं ध्यानात आलं नाही, त्यानं पाणी उतरलं (पोलादाचा कडकपणा गेला) असंल का? ब्लेड साधं का एचएसएस (हाय स्पीड स्टील, उष्णतेत टिकणारं पोलाद) ते कळंना, रंग उडालाय. तेल लावून पाहिलं, फरक नाही.

वेल्डिंगवाल्याकडं जायचं नाही, तालुका ३० किलोमीटर. हाताशी कानस, सहाण आणि एक मोडकं ड्रिल बिट आहे. चोचीचा कोन किती ठेवू, आणि वाकवायच्या आधी ओरखडा अर्ध्या जाडीपर्यंत न्यावा लागतो का कमीत भागतं?