जड पाणी, दुष्फेन पाणी आणि खारपाण

धागाकर्ती:
माझ्या भाचीने परीक्षेत 'जड पाणी म्हणजे काय?' या प्रश्नाला 'ज्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही ते पाणी' असं लिहिलं. शून्य गुण. उत्तर हवं होतं अणुभट्टीतल्या पाण्याचं. पोरगी रडकुंडीला आली, आणि मलाही तिचं काय चुकलं ते सांगता येईना. आमच्याकडे आई, कामाच्या मावशी, प्लंबर, सगळे बोअरच्या पाण्याला 'जड'च म्हणतात. वहिनी तूरडाळीपुरतं नळाचं पाणी कळशीत वेगळं भरून ठेवते. बोअरच्या पाण्यात चार शिट्ट्या जास्त झाल्या तरी डाळ अख्खीच राहते. मग हा शब्द पुस्तकात दुसऱ्याच पाण्याला कसा गेला? आणि आमच्या बोअरच्या पाण्याला पुस्तकी मराठीत काय म्हणायचं?

रसायनशिक्षक:
ताई, भाचीचं मराठी बरोबर आहे, फक्त पेपर रसायनाचा होता. मी असतो तर अर्धा गुण दिला असता.

तुमच्या बोअरच्या पाण्याला पाठ्यपुस्तकात 'दुष्फेन' म्हणतात आणि त्याच्या उलट ते 'सुफेन'. फेन म्हणजे फेस. मला हा जोडशब्द फार आवडतो, कारण त्यात परीक्षाच सांगितली आहे: साबण लावा, फेस बघा. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र 'काठिण्य' असतं, आणि 'कठीण पाणी' असंही कोणी लिहितं. ते इंग्रजीवरून उचललेलं आहे. कठीण असतो दगड, पाणी नव्हे.

फेस का येत नाही, तेही सांगतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरतं, त्यामुळे किंचित आम्लधर्मी होतं. कातळाच्या भेगांतून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन असते, म्हणून विजेचा भार असलेला कण दिसला की पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी घेरून आपल्यात ओढतात. रक्तात मीठ-साखर वाहून नेणारं पाणी याच गुणावर चालतं आणि दगड विरघळवणारंही याच गुणावर. साबण म्हणजे मेदाम्लांचे (तेला-तुपातल्या आम्लांचे) सोडियमचे क्षार. त्यांना कॅल्शियम भेटलं की न विरघळणारा साका तयार होतो, तो बादलीच्या कडेला चिकटतो, आणि हा साका बसून होईपर्यंत फेसाला साबण उरत नाही. डाळीचंही तसंच. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. चिमूटभर खायचा सोडा टाकला की ही बांधणी सैल होते, म्हणून डाळ मऊ होते.

आता जड पाणी. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये हायड्रोजनचा दुप्पट वजनाचा भाऊ शोधला, ड्युटेरियम. त्याचं १९३४ चं नोबेल त्यांना मिळालं. निसर्गात सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे असा एखादा असतो. दोन्ही हायड्रोजन या जातीचे असले की ते जड पाणी. साध्या पाण्याहून सुमारे ११ टक्के जड, गोठतं ३.८ अंशांना. त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो! आपल्या अलिबागजवळ थळला त्याचा कारखाना आहे, आणि तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीत ते न्यूट्रॉनांचा वेग कमी करायला वापरतात. इथे 'जड' हे अक्षरशः वजनाने जड.

अकोलेकर:
सर, आमच्याकडे तिसरंच. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. 'खारपाण' हा शब्द मुंबई-पुण्याच्या लोकांना सांगितला की ते समुद्रकिनारा समजतात. आमची विहीर चाळीस हात, पाणी तोंडात धरवत नाही. आजी म्हणायची, 'पाणी जड नाही बाबा, खारं हाय.' म्हणजे तिला फरक ठाऊक होता. थोडंसं खारं, बेचव, तहान न भागवणारं ते 'मचूळ'. तुरटी फिरवली तर उपयोग होतो का?

रसायनशिक्षक:
आजीचा फरक अगदी बरोबर. खारेपणा मुख्यतः सोडियमच्या मिठाचा, जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. एकाच विहिरीत दोन्ही असू शकतात, पण शब्द वेगळे हवेतच. तुरटीने गढूळपणा जातो, विरघळलेलं काही जात नाही. निवळीचं बीही तेच काम करतं, तिच्या नावातच 'निवळणे' आहे. निवळलेलं पाणी आरशासारखं दिसलं तरी खारं ते खारंच.

आणखी एक शब्द जपून वापरा: 'क्षार'. मराठी रसायनात आम्ल (इंग्रजीत acid), आम्लारी (base) आणि क्षार (salt). क्षार म्हणजे मिठाच्या जातीचे पदार्थ. हिंदीत त्यांना लवण म्हणतात, आणि हिंदीतलं क्षार म्हणजे आपलं आम्लारी. त्यामुळे बाटलीवर हिंदीत 'क्षारीय जल' लिहिलेलं असलं तर ते 'क्षारयुक्त पाणी' नव्हे.

संस्कृतप्रेमी:
'जड'चा मूळ अर्थ वजनदार नाही. संस्कृतात जड म्हणजे थंड, बधिर, निश्चल, मंदबुद्धी. वजनाचा अर्थ आपल्या बोलीत रुळला. ड आणि ल यांत भेद न मानण्याच्या संकेतावर संस्कृत कवींनी जड-जल असा श्लेष पुष्कळ केला आहे. आणि अमरकोशात पाण्याच्या नावांत 'जीवन' आहेच, अमृताच्या शेजारी.

माझ्या मते घरातल्या 'जड पाण्या'त तिसरा अर्थही मिसळला आहे: पचायला जड. आयुर्वेदात गुरू आणि लघू म्हणतात तो. उकळलेलं पाणी 'हलकं' होतं असं आपण म्हणतो.

रसायनशिक्षक:
आणि दुष्फेन पाण्याच्या बाबतीत ते काही अंशी खरंही ठरतं! बायकार्बोनेटमुळे आलेला दुष्फेनपणा उकळल्यावर खाली बसतो. चहाच्या पातेल्यातला पांढरा थर तोच. क्लोराइड-सल्फेटचा मात्र उकळून जात नाही. प्यायला हे पाणी सहसा वाईट नसतं. भारतीय मानकात (आयएस १०५००) काठिण्याची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. खरं जड पाणी मात्र वेगळं. घोटभराने काही होत नाही, पण अंगातलं निम्मं पाणी तसं झालं तर सस्तन प्राणी मरतो. वजनदार हायड्रोजनमुळे पेशींतल्या क्रियांची गती बिघडते आणि पेशी विभागायच्या थांबतात.

म्हणून माझं मत: बोलताना 'जड' खुशाल म्हणा, तो शब्द आयाबायांचा आहे आणि आधीचा आहे. लिहिताना, दोन्हींचा घोळ होण्यासारखा असेल तिथे, दुष्फेन.

धागाकर्ती:
काल भाचीला घेऊन दोन बाटल्या भरल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पागोळ्यांखाली पातेलं ठेवून धरलेलं. दोन्हींत साध्या साबणाचा सारखाच किस टाकला आणि हलवल्या. पागोळ्यांची बाटली फेसाने गळ्यापर्यंत भरली, बोअरच्या बाटलीत फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका तरंगत राहिला. मग पातेल्याच्या बुडाचा पांढरा थर खरवडून त्यावर लिंबू पिळलं, तर तो फसफसला. तिने बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: 'सुफेन' आणि 'दुष्फेन (घरी: जड)'. कंसातलं खोडू नकोस म्हणून मीच सांगितलं.