‘५०१’ला व्हेरियंट म्हणू नका

टिळकवाडी:
काल निपाणीकरांनी आपल्या जुन्या कॉमिक्सच्या ग्रुपवर ‘कृष्ण’चा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “अमर चित्र कथा, क्रमांक ५०१. माझ्या जुन्या अंकावर ११ आहे, म्हणजे हा दुर्मिळ व्हेरियंट. बोली लावा.” लोकांनी आकडेही टाकले. म्हणून लिहितोय.

मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीनं १९७६ मध्ये काही शहरांत २५ऐवजी ३० सेंट छापून तेच अंक विकून बघितले, १९७७ मध्ये ३०ऐवजी ३५ सेंट. एकाच महिन्याच्या एकाच अंकाचे दोन प्रकार, तो व्हेरियंट. ‘५०१’ हा पुढं नवा क्रमांक देऊन काढलेला अंक, म्हणजे सरळ पुनर्मुद्रण. मार्व्हलच्याच ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या अंकात तर ३५ सेंटचा व्हेरियंटही आहे आणि ३५ सेंटचं पुनर्मुद्रणही. नुसती किंमत बघून घेणारे तिथंच बुडतात.

आतलं पान उघडा. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर अंक ऑगस्ट १९७२च्या आधीचा असूच शकत नाही. ‘एसीके मीडिया’ हे नंतरच्या प्रकाशकाचं नाव छापलं असेल तर २००७च्या आधीचा नाही.

निपाणी:
होय की, सगळं ज्ञान टिळकवाडीतच. क्रमांक वेगळा, कागद वेगळा, तरी व्हेरियंट नाही? अमेरिकेचे नियम इथं कशाला वो? आणि एवढं कळतं तर सांगा, इंग्रजी मालिका ११पासून का सुरू होते? १ ते १० मी आयुष्यभर शोधले.

खानापूर:
इंग्रजीत शोधाल तर मिळणार नाहीत. ते कन्नडमध्ये आहेत. बेंगळुरूचे पुस्तकविक्रेते जी. के. अनंतराम यांची कल्पना, १९६५ची. ‘सिंड्रेला’सारख्या परीकथा होत्या. पहिले दहा क्रमांक कन्नडमध्ये गेले म्हणून इंग्रजी अकरापासून, असं अनंतराम स्वतःच सांगत. ‘कृष्ण’ नंतरचा.

निपाणी:
म्हणजे इथंही कन्नड पहिलं! दुकानाच्या पाटीवर तेच, बसवर तेच, आता कॉमिक्समध्येही तेच.

शहापूर:
सीमाभागात कुठलाही विषय काढा, पाटीवर येतोच. मी कन्नड शाळेत शिकलो, घरात मराठी. वेताळ (इंग्रजीतला फँटम) मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये वाचला आणि शेजारच्या पोरांकडून कन्नडमध्येही. दोन्ही अंक आजही जपलेत. माझ्या लेखी ते एकाच अंकाचे व्हेरियंट आहेत.

टिळकवाडी:
नाहीत. त्या भाषिक आवृत्त्या. प्रत्येक भाषेची छपाई वेगळी, वाचक वेगळा.

शहापूर:
वाचक वेगळा? मी एकच माणूस आहे, दोन्हीचा वाचक. हे तुम्हाला बेळगावात बसून सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

निपाणी:
कन्नडचं इतकं प्रेम असेल तर त्यांच्याच ग्रुपवर जा.

खानापूर:
निपाणीकर, ही भाषा इथं नको. ते दहा अंक समोर आले तर सगळ्यात आधी तुम्हीच पैसे काढाल.

आणि पुनर्मुद्रणापेक्षा मोठं दुखणं वेगळंच आहे, त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या काकांनी एका रद्दीवाल्याकडून ‘बहादूर’चा अंक घेतला, आबिद सुरतींनी १९७६ मध्ये ‘इंद्रजाल’मध्ये आणलेला नायक तोच. पैसे बरेच मोजले. घरी भिंग लावलं तर छपाईच्या ठिपक्यांवर ठिपके! जुना अंक स्कॅन करून छापलेला, वर चहाच्या पाण्यानं पिवळा केलेला. काकांनी त्यानंतर जुने अंक घेणंच सोडलं. पुनर्मुद्रण निदान आपली ओळख लपवत नाही, हा शुद्ध दरोडा.

टिळकवाडी:
हे अगदी खरं. पण पुनर्मुद्रणाला व्हेरियंट म्हणून विकणाराही तीच वाट मोकळी करतो. नवीन पोरगं हजारो रुपये देतं, मग कळतं, आणि आपल्यातून कायमचं जातं.

निपाणी:
मला दरोडेखोरांच्या रांगेत बसवू नका. आतलं पान आत्ता बघितलं. पिनकोड आहे, सहा आकडी. तेवढं तुमचं बरोबर. ‘व्हेरियंट’ शब्द काढतो. किंमत काढणार नाही, अंक कोरा करकरीत आहे.

टिळकवाडी:
किंमत तुमची, घेणाऱ्याची मर्जी. पण ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द पहिल्या ओळीत लिहा आणि आतल्या पानाचा फोटोही टाका.

शहापूर:
आणि ज्यांनी आकडे टाकलेत त्यांना नावानिशी कळवा. मागच्या बोली रद्द.

निपाणी:
कळवतो. खानापूरकर, त्या कन्नड दहापैकी एखादा कुणाकडे असेल तर निरोप द्या.