घरातील ज्येष्ठांचे पडणे : शरीरात आधी काय बदलले होते?

पासष्टी ओलांडलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी २८ ते ३५ जण दरवर्षी पडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या मराठवाड्यातील घरांत याचा दोष बहुधा न्हाणीतील ओल्या शहाबादी फरशीवर टाकला जातो. पण त्याच फरशीवरून घरातील इतर माणसे रोज सुखरूप ये-जा करीत असतात. म्हणून ज्येष्ठांच्या पायांत, नजरेत, रक्तदाबात आधीपासून काय बदलत आले होते, याविषयीचे अनुभव कृपया लिहावेत.

लातूर : सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. चालताना पायातील चप्पल मागे राहून जाई आणि शेजारणींनी हाक मारून सांगेपर्यंत त्यांना पत्ताही नसे. दिवसा त्यांचे चालणे ठीक होते. रात्री वीज गेली की मात्र त्या भिंत धरून चालत, आणि अशाच अंधारात स्वयंपाकघराच्या दारात पडल्या. डॉक्टरांनी नादकाटा वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला, तेव्हा त्याची थरथर त्यांना जाणवलीच नाही. तोल सांभाळण्यासाठी डोळे, कानाचा आतील भाग आणि पायांची संवेदना या तिन्हींची मदत लागते. पाय बधिर झाल्याने सासूबाईंची भिस्त डोळ्यांवर आली होती आणि अंधारात तीही उरत नव्हती. आता त्या घरातही मागे पट्टा असलेली चप्पल घालतात. (अनवाणी वावरण्याची सवय मोडणे साखर आटोक्यात आणण्याहून अवघड गेले.)

परभणी : अण्णांना रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची अशी दोन्ही औषधे चालू होती. उन्हाळ्यात, रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून, ते दुपारनंतर पाणीच पीत नसत; तरीही उठावे लागेच, आणि बाजेवरून उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येई. डॉक्टरांनी आधी झोपवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते धोक्याचे मानतात. बसून मोजलेला रक्तदाब नेहमी चांगला येत असल्याने ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. डॉक्टरांनीच गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. उठण्यापूर्वी बाजेच्या कडेला बसून थोडा वेळ पावले हलवायची, हा नियम अण्णा पाळतात.

जालना : आईच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची लांबली. दोन डोळ्यांच्या नजरेत फरक पडल्याने पायरीची खोली चुकू लागली, त्यात चष्मा दुहेरी भिंगाचा. उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसे.

बीड : मी स्वतः निवृत्त शिक्षक असून पंच्याहत्तरीत आहे. एकदा पडल्यावर मुलाने आणि सुनेने प्रेमापोटी मला खुर्चीतून हलूच दिले नाही. परिणामी मांड्या इतक्या वाळल्या की हाताचा रेटा दिल्याशिवाय उठता येईना. फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत यायला व बसायला सांगितले. यास १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका धरतात, आणि मला बरेच जास्त लागले. ‘जपून बसा’ या सल्ल्याशी मी म्हणूनच सहमत नाही. सध्या ओट्याला धरून टाचा उचलणे आणि हात न टेकता खुर्चीतून उठणे, हे दोन्ही व्यायाम सून जवळ असताना करतो. दुसरा अजून पूर्ण जमत नाही.