मजकूर एकच, तरी एक जाहिरात मंजूर आणि दुसरी नामंजूर

प्रश्न (वहिनींचा हिशेबनीस, इंदूर):
आमच्या वहिनी लोकमान्य नगरातल्या घरी भाजणी, मेतकूट आणि जांभळाच्या बियांचे चूर्ण करून विकतात. कीवर्डवर चालणाऱ्या, म्हणजे कोणी इंटरनेटवर ठरावीक शब्द शोधले की दिसणाऱ्या, त्यांच्या जाहिराती मी सांभाळतो. चूर्णाच्या दोन जाहिराती दिल्या, एक मराठीत आणि दुसरी 'जामुन की गुठली का चूर्ण' या कीवर्डसाठी हिंदीत. 'मधुमेहावर गुणकारी' ही ओळ दोन्हींत होती आणि दोन्ही एकाच पानावर नेत होत्या. मराठी जाहिरात मंजूर झाली, हिंदी मात्र 'आरोग्यविषयक दावा' असे कारण देऊन परत आली. अपील केले तेव्हाही तेच उत्तर मिळाले. पुढे चालू असलेल्या मराठी जाहिरातीत 'घरगुति' पडले होते ते 'घरगुती' केले, तर तीही नामंजूर झाली! शुद्धलेखनाची ही शिक्षा समजायची का?

उत्तर १ (ग्वाल्हेरकर):
दोष वेलांटीचा नाही. मजकुरात काहीही बदलले की जाहिरात नव्याने तपासणीला जाते, मग आधीची मंजुरी उपयोगाची राहत नाही. म्हणून चालू जाहिरातीला हात न लावता तिची प्रत काढून तीत बदल करावा. पहिली चाळणी बहुतांशी यंत्राची असते, आणि माझा अनुभव असा की हिंदीत जे शब्द पकडले जातात ते मराठीत पुष्कळदा निसटतात.

उत्तर २ (औषधविक्रेता, इंदूर):
माझ्या मते तुमची तक्रार उलट्या बाजूने मांडली गेली आहे, कारण चुकीचा निर्णय नकाराचा नसून मंजुरीचा होता. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याला जी रोगांची सूची जोडलेली आहे तीत मधुमेह आहे आणि लठ्ठपणाही आहे. त्यांवर औषध म्हणून जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'मधुमेह' काढून 'शुगर' लिहिले तरी अर्थ बदलत नाही. चूर्ण कशाचे, वजन किती, किंमत काय, एवढेच लिहावे. शिवाय तपासणी जाहिरातीपुरती थांबत नाही, पानही वाचले जाते.

प्रश्नकर्ता:
पटले. पानावर एका ग्राहकाचा 'आजोबांची साखर उतरली' हा अभिप्राय होता, तो आणि ती ओळ दोन्ही काढल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही जाहिराती मंजूर झाल्या. आता मात्र भाजणीची जाहिरात त्याच कारणाने अडली आहे, आणि तीत थालीपिठाखेरीज काही नाही. पानाचा दुवा दिला आहे. इथे तरी तपासणाऱ्यांचीच चूक ना?

उत्तर २ (औषधविक्रेता, इंदूर):
दुवा उघडून पाहिला. भाजणीच्या पानाच्या तळाशी 'हेही घ्या' अशी चौकट आहे, आणि तीत चूर्णाचे जुने नाव अजून तसेच आहे: 'मधुमेहनाशक चूर्ण'. अडथळा बहुधा तोच असावा. ते बदला, मगच अपील करा.