पहिलीच रिस्टोरेशन: २४०झेड घेऊ की एफसी आरएक्स-७?

धुरांडं:
मंडळी, बरीच वर्षं नुसते फोटो बघून लाळ गाळली, आता एकदाची जागाही झालीये आणि थोडे पैसेही बाजूला पडलेत, तर जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेऊन स्वतःच्या हाताने उभी करायची असं डोक्यात बसलंय. दोन गाड्या समोर आहेत. एक डॅट्सन २४०झेड, १९७२ची. विकणारा म्हणतो इंजिन ओरिजिनल आहे, नुकतंच खोलून बांधलंय, पेंट चकाचक, "गंज किरकोळ". दुसरी मझ्दा आरएक्स-७, म्हणजे एफसी, १९८९ची टर्बो, चालू कंडिशन, फक्त गरम असताना बंद केली की परत स्टार्ट व्हायला जरा त्रास देते असं तो स्वतःच बोलला. मला पाने चालवता येतात, ब्रेक, कार्बोरेटर केलेत, वेल्डिंग अजिबात येत नाही. मनातून झेडच हवीये हे खरं. कुठली घेऊ, आणि बघायला गेल्यावर नक्की काय बघू?

पत्राकाम:
चकाचक पेंट आणि किरकोळ गंज हे दोन्ही एकाच जाहिरातीत दिसलं की मी आधी लोहचुंबक खिशात टाकतो. २४०झेडचं इंजिन हा विषयच नाही हो. तो एल२४, २.४ लिटरचा स्ट्रेट सिक्स, लोखंडी ब्लॉक, साधा एक कॅमशाफ्ट, कितीही खराब असला तरी उभा राहतो. गाडी मरते ती पत्र्यामुळे. बॅटरीखालचा ट्रे बघा, तिथून सुरू झालेला गंज खाली फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पडदा) आणि चासी रेलपर्यंत (गाडीखालचे लांब आधार) उतरतो. मग कार्पेट उचलून फ्लोअर, दारामागचा चाकाच्या पुढचा कोपरा, दाराखालचा सिल, आणि मागच्या काचेच्या दाराखालची पट्टी. विंडशील्डखालच्या जाळीतून पाणी आत जातं आणि तिथे पालापाचोळा अडकला की ते तसंच साचून राहतं, हे सगळ्यात वाईट, कारण पुढचे फेंडर काढल्याशिवाय तिथलं काही दिसत नाही. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. फ्लोअर आणि रेलचे नवीन पत्रे बाजारात मिळतात, पण ते लावायचे म्हणजे आधी आख्खी बॉडी सरळ रेषेत धरून मग वेल्डिंग, आणि तुम्ही म्हणताय ते येत नाही. बाहेर करून घेतलंत तर इंजिनाच्या कितीतरी पट खर्च तिथेच जाईल.

"ओरिजिनल इंजिन" पण तपासा. इंजिन बेमध्ये एक प्लेट असते, तिच्यावर चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. ब्लॉकवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा. त्या नंबराच्या सुरुवातीला एल२४ च्या जागी एल२८ असेल तर नंतरच्या २८०झेडचं इंजिन बसवलंय. वाईट नाही ते, उलट ताकद जास्त, पण मग ओरिजिनलचे पैसे देऊ नका. चासी नंबर एचएलएस३० असेल तर लेफ्ट हँड, एचएस३० म्हणजे राइट हँड. स्टिअरिंग एका बाजूला आणि नंबर दुसऱ्या बाजूचा असेल तर तिथूनच मागे फिरा.

तीन_कोपरे:
आता एफसीची बाजू कोणीतरी घ्यायलाच पाहिजे ना 🙂

एफसीचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात, आणि गरम असताना स्टार्ट न होणं हे त्यात हसण्यावारी न्यायचं लक्षण नाही. कधीकधी इंजेक्टर गळतात आणि इंजिन पेट्रोलने फ्लड होतं, ते किरकोळ. पण बहुतेक वेळा कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलेलं असतं. आणि इथे लोक फसतात, कारण साधा कॉम्प्रेशन गेज लावला की तो सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात, तीनही वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत, त्यासाठी रोटरीचाच टेस्टर लागतो, आणि आलेला आकडा २५० आरपीएमला बदलून (म्हणजे इंजिन त्या वेगाने फिरलं असतं तर किती आला असता) मग वाचायचा. एक बाजू ठीक आणि शेजारच्या दोन पडलेल्या असतील तर अॅपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकावरचा सील, गेलाय समजा. दुसरं म्हणजे थंड इंजिन चालू करताना पांढरा धूर आणि कूलंट कमी होत जाणं, म्हणजे आतली कूलंट सील गेली, आणि ती बदलायला आख्खं इंजिन उघडावं लागतं, मधला मार्ग नाही. इंजिन ऑइल पितंय म्हणून घाबरू नका, ते मझ्दानेच तसं केलंय, एक पंप मोजून ऑइल आत सोडतो सील ओले राहावेत म्हणून. काही लोक तो पंप काढून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात, त्यावरून भांडणं व्हायला सुरुवात झाली की रात्र जाते, त्यामुळे इथे थांबतो.

मी काय म्हणतो, पत्रा चांगला असेल तर "रिबिल्ड लागणार" असं धरूनच भाव करून एफसी घ्या. एफसीच्या १३बी इंजिनाचे हलणारे भाग मोजकेच आहेत, दोन रोटर आणि एक शाफ्ट, शिकायला मजा येते.

धुरांडं:
@तीन_कोपरे मजा येते म्हणताय पण वाचून घामच फुटला. आणि पार्टचं काय? ऐकलंय की आता कंपन्याच जुने पार्ट परत बनवतायत?

जुनाट_गिअर:
बनवतायत, पण सरसकट नाही. निसानने २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरपासून (स्कायलाइनचं वेगवान मॉडेल) सुरुवात केली, टोयोटाने २०२० मध्ये २०००जीटी आणि दोन सुप्रा, नंतर एई८६ कोरोला. मझ्दाने पहिल्या रोडस्टरची (त्यांची छोटी उघडी टू-सीटर) रिस्टोरेशनच सुरू केली, आणि एफसी आणि तिच्या नंतरच्या एफडी आरएक्स-७चे काही पार्ट परत काढले. होंडा तर १९९३ पासून आपली एनएसएक्स स्पोर्ट्स कार स्वतः ताजी करून देते. यादीत असलेला पार्ट मिळतो, नसलेला गेला. नेमके जे हवे असतात ते, म्हणजे डॅशबोर्ड, रबर, प्लास्टिकच्या क्लिपा, सीटचं कापड, तेच शोधत फिरावं लागतं. झेडचा डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला नसेल तर त्याचाच भाव वेगळा धरतात. म्हणून माझा नियम असा की गाडीत काय खराब आहे त्यापेक्षा काय गायब आहे ते मोजायचं. खराब कार्बोरेटर दुरुस्त होतो, हरवलेली क्रोम पट्टी होत नाही.

थोडं विषयांतर: जीटी-आरचा बिल्ला बघून कोणी हुरळू नका. केनमेरी जीटी-आर (सत्तरच्या दशकातली स्कायलाइन) फक्त १९७ बनल्या, आणि रस्त्यावर दिसतात त्यातल्या बऱ्याच साध्या स्कायलाइनला बिल्ला आणि फेंडर फ्लेअर लावलेल्या असतात. बॉनेट उघडा, २४ व्हॉल्व्हचं एस२० इंजिन नसेल तर गप्प राहून चहा प्या आणि निघा.

छत_उघडं:
दोन्ही सोडा, १९८९-९० ची पहिली रोडस्टर घ्या. खरंच. पहिल्या गाडीत चालवायला मिळालं पाहिजे, नाहीतर वर्षभर नुसतं सांगाडा पुसत बसाल आणि मग अर्धवट खोललेली गाडी विकायला काढाल, अशा जाहिराती सगळीकडे भरल्यात. फक्त सुरुवातीच्या १.६ इंजिनात क्रँकशाफ्टचं पुढचं नाक छोटं आहे, तिथली पुली धरून ठेवणारी लोखंडी चावी झिजून पुली डुगडुगते, ती इंजिन चालू असताना समोरून बघा. बाकी दाराखालचे सिल तपासायचे, तिथेही गंज आहेच.

पत्राकाम:
@छत_उघडं बरोबर आहे पण त्यांना झेड हवीये हो, मन नसलेल्या गाडीवर रविवार कोण घालवणार.

धुरांडं:
अगदी 😅 झेडवाल्याला फोन केला. इंजिन नंबरचा फोटो पाठवला, एल२४ आहे, प्लेटशी जुळतोय. पण गाडी जॅकवर उचलून खालून बघू का विचारलं तर म्हणाला नुकतंच खाली अंडरकोटिंग मारलंय, उचलायची गरज नाही. मग?

पत्राकाम:
मग नाही घ्यायची. ताजं अंडरकोटिंग आणि वर उचलू न देणं, याला दुसरा अर्थ नाही. एकदा नीट सांगून बघा की उचलू दिलीत आणि रेल ठोकून बघू दिलेत तर येतो, नाहीतर नाही. रेलवर स्क्रूड्रायव्हरची मूठ मारत जा, टणक आवाज हवा, कोटिंगखाली बद्द वाजलं तर आत पोकळ आहे. तयार झालाच तर पेट्रोलची टाकीही उघडून टॉर्चने बघा, आतला गंज सुटला की नवीन बांधलेले कार्बोरेटर पुन्हा चोक होतात.

तीन_कोपरे:
आणि तो नाहीच म्हणाला तर एफसीवाल्याचा नंबर मला मेसेज करा, टेस्टर माझ्याकडे आहे, पाठवून देतो.