घरातल्या टाकाऊतून सुपरहिरो: तुमच्याकडे काय काय घडलं?

मंडळी, गेल्या जुलैत रत्नागिरीत सलग पाच दिवस पाऊस ओतत होता. शाळा बंद, अंगणात पाणी, आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाला स्पायडरमॅन व्हायचं होतं. माळ्यावरून हापूसच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेट्या खाली काढल्या. मी कात्री शोधेपर्यंत त्याने पेटीची एक बाजू फाडून तोंडासमोर धरली होती आणि हवेसाठी पाडलेल्या गोल भोकांतून माझ्याकडे बघत होता. भोकं डोळ्यांपेक्षा लांब होती, त्यामुळे एका वेळी एकच डोळा दिसायचा. मग मधली दोन बोटं रुंद पट्टी कापली, दोन्ही तुकडे जोडले आणि मुखवटा झाला. लाल रंग घरात नव्हता, म्हणून तुळशीवृंदावनाला लावून उरलेला गेरू कालवला. त्याआधी बाजारातून आणलेला मुखवटा दोन दिवसांत चिरला होता. हा अजून खिळ्याला टांगलेला आहे.

तुम्ही मुलांबरोबर असं काय केलंत? काय टिकलं, काय फसलं, तेही सांगा. आणि कृती जरा सविस्तर लिहा, म्हणजे बाकीच्यांना करून बघता येईल.

देवगडहून

आमची कलमांची बाग आहे, त्यामुळे पुठ्ठ्याला तोटा नाही. मुलाला कॅप्टन अमेरिकाची ढाल हवी होती. मध्ये खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला पेन्सिल, असं वर्तुळ त्यानेच काढलं. कापताना मात्र एका बाजूला कोपरा निघाला आणि तो अगदी रडवेला झाला. मी त्याला सांगितलं, १९४१ साली कॅप्टन अमेरिका कॉमिकमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याची ढाल तिकोनीच होती, गोल ढाल दुसऱ्या अंकापासून आली. हे खरंच आहे. मग आमचीही आधी तिकोनी झाली आणि आठवड्याने गोल.

एकेरी पुठ्ठा लगेच वाकतो. दोन घ्या, एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा, मध्ये फेव्हिकॉल लावा आणि रात्रभर वर वजन ठेवा. आम्ही तांदळाचं पोतं ठेवलं होतं. हातावरच्या कवचाला मात्र एकच थर पुरे. त्याच्या पन्हळी कोपराकडून मनगटाकडे जाणाऱ्या हव्यात, म्हणजे पुठ्ठा छान गोल वळतो. आडव्या ठेवल्यात तर मोडेल. ढालीच्या मुठीला जुन्या दप्तराचा पट्टा लावला, तो सगळ्यात मजबूत निघाला.

गुहागरहून

आमच्या वाडीत पुठ्ठा कमी, विऱ्या भरपूर. विरी म्हणजे पोफळीच्या, सुपारीच्या झाडाच्या झावळीचं बुंध्याकडचं रुंद, जाड आवरण. लहानपणी आम्ही पोफळीच्या विरीवर एकाला बसवून वाडीभर ओढत न्यायचो. गणपतीला नात डोंबिवलीहून आली, तिला वंडर वुमन व्हायचं होतं. तिच्या मनगटावर गोळ्या अडवणारी कडी असतात, असं तिनेच मला समजावलं. सुकलेली विरी तासभर पाण्यात ठेवली की चामड्यासारखी मऊ पडते. हव्या त्या मापाची पट्टी कापायची, मुलांच्या मनगटाएवढ्या बाटलीला गुंडाळून सुतळीने बांधायची आणि दोन दिवस वाळवायची. सुतळी सोडली तरी गोलाई तशीच राहते. मागे फट ठेवा, म्हणजे हात घालता-काढता येतो. कडेला खरखर असते, तिथे जुन्या लुगड्याचा काठ शिवून टाकला. नात म्हणाली, "आजी, तुझी पण कर ना." केली. दोघींनी मिळून आरतीला तीच घातली.

मुरुडहून

केपविषयी कळकळीने सांगते. मी जुन्या ओढणीचा केप केला आणि गळ्याशी गाठ मारली. मुलगा पळत फाटकातून बाहेर गेला आणि केपचं टोक कडीत अडकलं. सासूबाई तिथेच उभ्या होत्या म्हणून निभावलं. गळ्यावर दोन दिवस वळ होता. त्यानंतर आमच्याकडे गाठ नाही, नाडी नाही. दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोचा बोटभर तुकडा, ओढला गेला की लगेच सुटणारा. लांबीही गुडघ्याच्या वरच ठेवा.

मंडणगड तालुक्यातून

मी शिक्षिका आहे. वेळासचा किनारा जवळ असल्यामुळे आमच्या मुलांना ऑलिव्ह रिडले कासवं परकी नाहीत. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, हे पहिलीतला मुलगाही सांगतो. वर्गात प्रत्येकाने आपला हिरो सांगायचा होता. तिसरीतली एक मुलगी, तिचे वडील होडीवर जातात, म्हणाली, "माझी हिरो जाळ्यात अडकलेल्या कासवांना सोडवते." तिला पाठीवर कवच हवं होतं. उपड्या टोपलीवर प्लास्टिकची पिशवी पसरली आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या गव्हाच्या पिठाच्या खळीत बुडवून पाच थर दिले. एक थर वाळला की मगच दुसरा. जाळं कापायला तिने पुठ्ठ्याची कात्री केली, तिच्या दोन पात्यांना मध्ये शर्टाचं बटण शिवलं होतं. ती खरंच उघडायची, मिटायची. मी तशीच्या तशी जपून ठेवली आहे.

खळीचं काम शक्यतो मे महिन्यात करा. श्रावणात केलेल्या एका मुखवट्याला आठवड्यात बुरशी आली होती. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी आहे, मुलांच्या हाती अजिबात नको.

सावंतवाडीहून

आमच्याकडचं जरा वेगळं. मोठ्याला शक्तिमान व्हायचं होतं. त्याच्या छातीवरचं चक्र बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाचं केलं, कडा दगडावर घासून बोथट केल्या. धाकटी पाच वर्षांची. दशावतारी नाटक बघून आली होती आणि तिला त्यातला संकासुरच व्हायचं होतं. मी म्हटलं, अगं, तो वेद चोरतो, विष्णू त्याला मारतो. ती म्हणाली, "पण सगळे त्याका बघून हसतत." तिच्यासाठी वडिलांच्या फाटक्या छत्रीचं काळं कापड उसवलं. काड्यांवरून काढलं की आठ तिकोनी तुकडे आयते मिळतात. तीन तुकड्यांची उंच टोपी झाली, आणखी तिनांचा झगा. दाढीला काथ्या विंचरून घेतला. पहिल्या दिवशी हनुवटीला टोचला, म्हणून आतून बनियनचं कापड लावलं.

आता संध्याकाळी पडवीत शक्तिमान आणि संकासुराची लढाई असते. काल धाकटीच जिंकली. छत्रीचे दोन तुकडे अजून शिल्लक आहेत, ते शेजारच्या मुलाने मागून ठेवलेत.