मदत हवी आहे: आण्णांच्या ऑक्सिजन मशीनसाठी घरी छोटा जनरेटर कुठला घ्यावा? (सांगली)

हरिपूररोड

नमस्कार मंडळी,

पावसाळा तोंडावर आलाय आणि आमच्या घरात जनरेटरचा निर्णय काही होत नाहीये. ज्यांनी घरी वापरलाय किंवा ज्यांना या कामातलं कळतं, त्यांनी कृपया सांगा.

आमच्या आण्णांना (माझे सासरे, वय ७४) सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितलाय. मिनिटाला २ लिटर, दिवसातले किमान १५ तास, आणि रात्रभर तर हवाच. त्यासाठी ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर मशीन (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून देणारं) घेतलंय, त्याच्या पाटीवर ३५० वॅट लिहिलंय. घरात आधीपासून ९०० व्हीएचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आहे, १५० एएचची (अँपियर-तास, म्हणजे साठवण) ट्युब्युलर बॅटरी. मशीन, एक पंखा आणि दोन दिवे एवढंच चालवलं तर अडीच तासांच्या आसपास निघतात. एरवी लाईट जाते ती तेवढ्यात येतेही. पण वळवाच्या पावसात झाड तारेवर पडलं किंवा डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की रात्र जाते. तेव्हा बॅटरीची पट्टी उतरताना बघत बसायचं आणि आण्णांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघत राहायचं, हे आता सहन होत नाही.

घर हरिपूर रोडला आहे. खाली आम्ही राहतो, वर दोन खोल्या आणि गच्ची. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यात पाणी होतं, त्यामुळं खाली ठेवलेल्या कुठल्याही यंत्राचा भरवसा नाही.

एका दुकानदारानं १ केव्हीए (हजार व्हीए) ताकदीचा पुरेल म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं ५ केव्हीएचाच घ्या, मोटरसकट सगळं घर चालेल म्हणाले. इतका फरक कसा काय? मला मशीन, फ्रिज (सासूबाईंचं इन्सुलिन असतं त्यात), दोन पंखे, चार-पाच दिवे आणि मोबाईलचं चार्जिंग एवढं चालायला हवं. एक एचपीची पाण्याची मोटर चालली तर बरंच, नाही चालली तरी चालेल.

तर, किती केव्हीएचा घ्यावा? तो इन्व्हर्टर-जनरेटर म्हणतात तो महागडा प्रकार खरंच लागतो का? ठेवायचा कुठं? आणि घराच्या वायरिंगला जोडायचा कसा? एकानं सांगितलं की दोन्हीकडं पिन असलेली वायर करून सॉकेटमध्ये खुपसली की झालं. ते ऐकूनच भीती वाटली.

कुपवाड_वाइंडिंग

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात माणूस मरतो. दोन्हीकडं पिनवाली वायर अजिबात करू नका, कुणी करून दिली तरी घेऊ नका. जनरेटरची वीज तुमच्या मीटरमधून उलटी लाईनवर जाते. डीपी तीच वीज चढवून हाय टेन्शनला पोचवतो. वर खांबावर वायरमन लाईन बंद आहे असं समजून काम करत असतो. शिवाय त्या वायरीची एक पिन सुटली तर उघड्या पितळेत जिवंत करंट. आणि महावितरणची लाईट अचानक आली तर जनरेटर जळतो तो वेगळाच.

करायचं ते चेंजओव्हर स्विच. दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतील असा. एका बाजूला महावितरण, एका बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकत्र लागूच शकत नाहीत. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, आणि तुमच्या बाबतीत तो वरच्या मजल्यावर बसवा. वरच्या खोल्यांची एक वेगळी सर्किट काढा, तिला स्वतःची एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारी) आणि आरसीसीबी (करंट गळायला लागला की तोडणारी). खालचा बोर्ड पाण्यात गेला तरी वरचं चालू राहील, आणि जनरेटरची वीज खाली उतरणार नाही. अर्थिंगही तपासून घ्या.

आता केव्हीए. दोन्ही दुकानदारांनी एकच गोष्ट विचारली नाही, ती म्हणजे चालू होताना लागणारा करंट. दिवा, चार्जर हे पाटीवर लिहिलंय तेवढंच घेतात. मोटर, फ्रिज, कॉन्सन्ट्रेटर यांच्यात फिरणारं यंत्र असतं, ते पहिल्या क्षणाला कैक पट ओढतं. तुमचं चालू लोड बघू. मशीन ३५०, फ्रिज १५० धरा, पंखे दोन १५०, दिवे आणि चार्जिंग ६०-७०. झाले साधारण ७२० वॅट. १ केव्हीएच्या जनरेटरवर कागदावर बसतंय. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर उठताना एकटाच ७००-९०० वॅट मागतो, आणि तेव्हा मशीन चालू असतं. व्होल्टेज कोसळेल, मशीन अलार्म देईल. म्हणून १ केव्हीए नको.

उलट मोटर. एक एचपीची मोटर चालताना हजार-अकराशे वॅट घेते, उठताना तीन ते पाच पट. तिच्यासाठी ४-५ केव्हीएच लागतो, ते खरं. पण त्याचं वजन ऐंशी-नव्वद किलो. पुराचं पाणी अंगणात आल्यावर तो गच्चीवर कोण नेणार? आणि मोठा जनरेटर कमी लोडवर चालवला तरी पेट्रोल पितोच. मोटर सोडून द्या. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवायची सवय लावा.

तुम्हाला २ केव्हीएच्या आसपासचा पेट्रोलचा. पाटीवर दोन आकडे असतात, मॅक्स आणि रेटेड. मॅक्स थोड्या वेळापुरता असतो, हिशेब रेटेडवर करायचा. रेटेड १.६ ते १.८ किलोवॅट असेल तर तुमचं सगळं आरामात उठेल.

इन्व्हर्टर टाईप की साधा? घरात नुसते दिवे-पंखे असते तर साधा एव्हीआरवाला (नुसतं व्होल्टेज सांभाळणारा) घ्या म्हणालो असतो. तुमच्याकडं रुग्णाचं मशीन आहे, त्याच्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे. इन्व्हर्टर टाईपची वेव्ह स्वच्छ असते, लोड कमी-जास्त झालं तरी फ्रिक्वेन्सी हलत नाही. लोड कमी असलं की इंजिनही हळू फिरतं, म्हणून पेट्रोल कमी आणि आवाज कमी. वजन वीस-पंचवीस किलो, दोन माणसं जिन्यानं सहज नेतात. महाग आहे, पण तुम्ही तोच घ्या. कंपनी कुठलीही असो, सर्व्हिस आणि स्पेअर सांगली-मिरजेत मिळतात का एवढं आधी विचारा.

जावळीखोरं

आमच्याकडं मेढ्याच्या वर पावसात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून घरोघरी छोटे जनरेटर आहेत. इथल्यासारखं उंचावर इंजिनाची ताकद कमी होते (दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के), तो त्रास सांगलीत फारसा नाही. तुमचा आकडा तसाच धरा.

एक मात्र सांगतो. घेऊन ठेवून दिलेला जनरेटर गरजेच्या रात्री चालू होत नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं, आणि जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं, तेही लोड लावून चालवा. पावसाळा संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं करा. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. आणि सपाट जागेवरच ठेवा. तिरका राहिला तर ऑइल कमी आहे असं समजून आपोआप बंद पडतो.

हरिपूररोड

खूप खूप धन्यवाद दोघांना! कुपवाडदादा, चेंजओव्हर वरच्या मजल्यावर घ्यायचं तर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अजून दोन शंका. आमच्या ह्यांचं म्हणणं, जनरेटर दिवसा तीन तास चालवू, इन्व्हर्टरची बॅटरी भरून घेऊ आणि रात्री मशीन बॅटरीवर. जमेल का? आणि गच्चीवर जिन्याच्या खोलीत ठेवला तर पावसापासूनही वाचेल ना?

कुपवाड_वाइंडिंग

जिन्याच्या खोलीत नाही म्हणजे नाही. दार उघडं ठेवलं तरी नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो. जिना म्हणजे थेट आण्णांच्या खोलीत जाणारा बोळ. त्यात कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा आत ओढतो. आण्णांचा श्वास आधीच कमी आहे, त्यांना थोडा गॅसही जड जाईल.

गच्चीवर उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणून पूर्वेच्या कठड्याकडं ठेवा आणि सायलेन्सरचं तोंड बाहेर करा. खाली शेजाऱ्यांची खिडकी येते का तेही बघा. वर चार खांबांवर पत्रा, चारही बाजू मोकळ्या. ताडपत्री गुंडाळायची नाही. आणि आण्णांच्या खोलीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. त्याच्याशिवाय जनरेटर सुरूच करू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. ऑक्सिमीटरवर विसंबू नका, हा गॅस रक्तात असतानाही साधा ऑक्सिमीटर आकडा चांगला दाखवतो.

बॅटरीचा हिशेब जमत नाही, कारण अडचण भरण्याच्या वेगात आहे. घरचा इन्व्हर्टर बॅटरीला १०-१५ अँपियरनं भरतो. तीन तासांत फार तर ४५ एएच आत गेले. त्यावर ३५० वॅटचं मशीन जेमतेम तासभर चालेल. पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. जनरेटर चालू असताना मशीन थेट त्याच्यावरच चालवा, बॅटरी सोबत भरत राहील. ती फक्त पेट्रोल भरतानाच्या मधल्या वेळासाठी. पेट्रोल भरताना इंजिन बंद, आणि थंड झाल्यावरच.

वॉर्डमधली_ताई

मी मिरजेत नर्स आहे. हरिपूररोड ताई, जनरेटर घ्याच, पण त्याच्या आधी सिलिंडर घ्या. जनरेटर सुरू करायला माणूस लागतो, पेट्रोल लागतं, दोरी ओढावी लागते. सिलिंडरला वीजच लागत नाही.

तुमच्या फ्लोवर हिशेब सोपा आहे. बी टाईपचा (दीड घनमीटरचा) भरलेला सिलिंडर म्हणजे १५०० लिटर. मिनिटाला २ लिटरनं साडेबारा तास. म्हणजे एक पूर्ण रात्र. मोठा जंबो ७ घनमीटरचा असतो, तो त्याच फ्लोवर ५८ तास जातो, पण तो वर न्यायला चार माणसं लागतात. मी तुमच्या जागी असते तर दोन बी टाईप वरच्या खोलीत ठेवले असते. रेग्युलेटर आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांकडून एकदा लावून-काढून घ्या.

सिलिंडर उभा, साखळीनं भिंतीला बांधलेला. रेग्युलेटरला तेल, ग्रीस, व्हॅसलीन काही लावायचं नाही. देवघरातली समई, उदबत्ती, गॅसची शेगडी आणि जनरेटरचं पेट्रोल यांच्यापासून लांब. बुजुर्गांच्या घरात समईचं विशेष सांगावं लागतं.

आणि सिलिंडरवर आल्यावर फ्लो २ चाच ठेवा. धाप लागली म्हणून मनानं वाढवू नका. सीओपीडीत जास्त ऑक्सिजननं रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, मग पेशंट गुंगीत जातो. वाढवायचा असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

भिलवडीकाठ

सगळे यंत्राबद्दल बोलताय, मी पुराबद्दल बोलतो.

इन्व्हर्टर टाईप जनरेटर तुमच्या लोडवर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल खाईल. २४ तास मशीन चालवायचं तर दिवसाला १२ ते १८ लिटर. पेट्रोलियम कायद्यानं लायसन्सशिवाय घरी ३० लिटरच ठेवता येतं, आणि त्यापेक्षा जास्त घरात ठेवणं शहाणपणाचंही नाही. म्हणजे दोन दिवस. २०१९ ला पाणी किती दिवस उतरलं नव्हतं ते तुम्हाला मी काय सांगायचं. पंप पाण्यात, अंकलीकडचा रस्ता बंद, नवं पेट्रोल आणणार कुठून?

म्हणून ताई, झाड पडलं, डीपी गेला, त्या रात्रींसाठी जनरेटर बरोबर आहे. पुरात वरच्या मजल्यावर आण्णांना घेऊन बसायची तयारी म्हणून तो घेऊ नका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि पाणी चढतंय असं दिसलं की ४० फुटांची वाट न बघता आण्णांना हलवा. विश्रामबाग, मिरज, कुठंही पाहुण्यांकडं, पण लाईट असेल अशा ठिकाणी. रस्ता कोरडा असताना मशीन गाडीत घालून नेता येतं. बोटीतून पेशंट, मशीन आणि सिलिंडर उतरवणं फार अवघड असतं, बघितलंय मी.

हरिपूररोड

भिलवडीकाठ, तुमचं वाचून सासूबाईंना आणि ह्यांना दोघांनाही वाचून दाखवलं. नणंद विश्रामबागेत असते, तिच्याशी बोलणं झालं. पुलावर ३५ फूट झाले की आण्णा तिकडं, असं आम्ही ठरवलंय. तिच्या घरी मशीनसाठी वेगळा सॉकेट करून ठेवतोय.

बाकी, रेटेड १.८ किलोवॅटचा इन्व्हर्टर टाईप घेतोय. दोन बी टाईप सिलिंडर आधी घेणार, जनरेटर नंतर. चेंजओव्हरचं काम करणारा इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय. वॉर्डमधल्या ताई, समई आता दुसऱ्या खोलीत हलवली.

एकच राहिलं. पेट्रोल कशात ठेवायचं? पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत.

कुपवाड_वाइंडिंग

देऊ नयेच त्यांनी. घट्ट झाकणाचा, पेट्रोलसाठीच बनवलेला पत्र्याचा कॅन घ्या, १० लिटरचे दोन पुरे. काठोकाठ भरायचा नाही, थोडी जागा सोडायची. भरताना कॅन गाडीवर किंवा हातात न धरता जमिनीवर ठेवून भरून घ्या, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. ठेवायचा गच्चीवर, सावलीत, हवेशीर, जनरेटर आणि सिलिंडर दोघांपासून लांब. कॅनवर तारीख लिहा. दोन महिने झाले की ते गाडीत ओता आणि ताजं भरून आणा.

शनिवारी इलेक्ट्रिशियन आला की त्याला मेन बंद करून जनरेटरवर मशीन आणि फ्रिज दोन्ही एकत्र उठवून दाखवायला सांगा. अर्धा तास चालू दे. मशीननं अलार्म दिला किंवा दिवे लपलपले तर इथं लिहा, मी बघतो.